गुंत ये, गुंत ये

शिंपला उघडायला सुरी लागत नाही.
घटकाभर थांबायचं, तो आपणच ओठ विलग करतो,
तेवढ्यात खिळा सरकवायचा.
हे मायनं शिकवलं. विद्यापीठात
चिमटा कसा धरायचा तेवढं शिकवलं.

चुलबंदच्या डोहात मी मांड्यांपर्यंत उभी,
पायाच्या बोटांनी गाळ चाचपत.
काठावर दुलीचंद वलथरे बर्फाचा डबा सांभाळतो.
बर्फ गारीगारवाल्याकडून उसना,
म्हणून डब्याला नारिंगी वास.
कुप्यांमध्ये निव्वळ अल्कोहोल आहे
ही बातमी माझ्याआधी पिपरटोल्यात पोचली.
दोघं हुंगून गेले. तिसऱ्यानं विचारलं,
शिंपलीले पाजता, आमाले काहून नाही?

तीन नमुने नेले.
डोहातली काळी, लांबट,
जिनं माय अजून कढईची खरवड काढते.
बोडीतली, तीही काळी, लांबट; दोघी शेजारी ठेवल्या
तर मलाही चिठ्ठी बघावी लागते.
आणि वरच्या नाल्यातली गोल बुटकी,
बोराएवढी, पाठीवर सुरकुत्या,
जिला गावात नावच नाही.

नागपूरहून कागद आला.
डोहातलीच्या पेशीत एक तुकडा,
एकशे एकसष्ट अक्षरांचा,
तो संपला की पुन्हा तोच,
संपला की पुन्हा तोच,
हजारो वेळा.
त्यातून काही बनत नाही. ना कवच, ना स्नायू,
ना आतला तो मोतिया थर.
जुन्या पुस्तकांत त्याला कचरा म्हटलं आहे.

बोडीतल्या तिच्या जुळीत शोधला.
एकदाही सापडला नाही.
गोल बुटकीत होता.
चार जागी अक्षर बदललेलं, टीऐवजी सी,
पण तोच. तोच. तोच.

मायला सांगितलं.
त बोडीतली आपली नोहे?
दिसते तशी. पण दूरची.
अन् ठेंगणी?
जवळची. चुलत म्हण.
माय काही बोलली नाही. सुईत सूत भरत राहिली.

सुकवारा मावशी बालाघाटकडे दिली
तेव्हा माय सात वर्षांची.
पत्र नाही; लिहिणार कोण.
एकेचाळीस वर्षांनी ती आली, एका तेरवीला,
नातवाच्या फटफटीवर मागं बसून.
चेहरा आमच्यातल्या कोणाचाच नाही.
लुगड्याची तऱ्हा वेगळी, बोलणं हिंदी.
चहा देताना माय तिला तुमी म्हणाली.

दुपारी करायला काही नाही म्हणून
मावशीनं खुंटीवरचं फाटकं जाळं ओढलं,
आणि पहिल्या गाठीला पुटपुटली,
गुंथ ये.
दुसरीला, गुंथ ये.
चुलीपाशी मायचे हात थांबले.

आमच्या घरी म्हणतात गुंत ये.
त्याला अर्थ नाही, मी विचारून बघितलं आहे.
गाठ त्याच्याशिवायही बसते.
शेजारच्या टोल्यातले धिवर म्हणत नाहीत,
जाळी आमच्यासारखीच, मासेही तेच.
माय उठली, जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.
एकमेकींकडे न बघता दोघी,
थ आणि त,
दिवे लागेपर्यंत.

बुटकी वरच्या नाल्यात गेली कशी, ते मी लिहिलं आहे:
शिंपल्यांची पिल्लं माशाच्या कल्ल्याला चिमटा घेऊन
धारेच्या उलट जातात,
मग सुटतात, पडतील तिथं राहतात.
आता मध्ये बंधारा आहे.

समासात मार्गदर्शकांचा शेरा:
ही पुनरावृत्ती कशासाठी? एक वाक्य लिहा.
ते वाक्य अजून लिहिलेलं नाही.

काल मायनं कुपी उजेडात धरली.
इले नाव नाही म्हनतेस?
सुकवारी म्हन.

अल्कोहोलात शाई टिकत नाही.
पेन्सिलीनं लिहिलं, नमुना तीनच्या खाली,
बारीक अक्षरात.